कलमात बहीण नाही

मंगळवार, ३ मार्च

पोचले. प्रवास कसा झाला ते लिहीत बसत नाही, बसून बसून झाला. इथे वाटाघाटीत काय चाललंय ते बाहेर बोलायचं नाही असा नियम आहे. घरी फोन केला तरी हवा कशी आहे आणि जेवलात का, एवढंच. सुनेनं बॅगेत ही वही टाकली होती, औषध घेतलं की खूण करायला. औषधं माझ्या लक्षात राहतात. वहीत बाकीचं लिहीन, नाहीतर पोट फुगेल.

हॉटेल तळ्याकाठी आहे, हंगाम नसल्यामुळे बंद होतं, ते आमच्यासाठी उघडलंय. गालिचे इतके जाड की मागून माणूस आला तर कळत नाही. जिने दोन आहेत. डावा आमचा, उजवा पलीकडच्यांचा. जेवायच्या वेळासुद्धा वेगळ्या. मग एवढ्या लांब आणलं कशाला? एकमेकांची तोंडं न बघणं घरी बसूनही जमत होतंच की.

आमच्यात मी सोडून सगळे शिकलेले. साहेब पुढारी, बाकीचे त्यांच्या मागे फायली घेऊन. मी कोण, तर बस स्टँडच्या तिकीट खिडकीवरची बाई, तीही रिटायर. मध्यस्थाचा हट्ट होता म्हणे, दोन्हीकडून सीमेवरच्या गावातलं एकेक माणूस हवं. साहेबांना मी फारशी पसंत नाही. मलाही ते नाहीत, फिट्टंफाट.

मी का आले ते साधं आहे. धाकटी बहीण पलीकडे आहे. लग्न करून गेली तेव्हा ते पलीकडचं गाव होतं, पलीकडचा देश नव्हता. मीच तिकीट फाडून द्यायची. बसमध्ये डुलकी लागायच्या आत गाव यायचं. मग गोळीबार झाला, गेट बंद झालं, बस गेटाशी येऊन वळायला लागली. पुढे वळायलाही येईना.

मदतवाल्यांच्या ऑफिसातून महिन्यातून एकदा फोन जोडून देतात. पण धाकटी बहिरी झालीय. समोर बसलं की ओठ बघून सगळं समजतं, नको ते आधी समजतं. फोनवर काय करणार? भाची मध्ये बसते आणि मला सांगते, "मावशी, आई हसतेय." कशाला हसतेय, कशी हसतेय, ते काही फोनमधून येत नाही.

बुधवार, ४ मार्च

नमनाला घडाभर तेल. आजचा अख्खा दिवस टेबलावरच्या नकाशात गेला. नकाशावर रेघेला सीमा म्हणायचं की नुसती रेघ. शेवटी नकाशाच गुंडाळून ठेवला.

इथे बोलायची पद्धत अशी, की समोरच्याशी बोलायचंच नाही. बोलायचं ते मध्यस्थाशी. मध्यस्थ उंच, सारखा पाणी पिणारा माणूस आहे, त्याला आपली भाषा येत नाही. मग दुभाषी मुलगी त्याच्या कानात सांगते, तो मान हलवतो, आणि समोरच्याकडे बघून तेच त्याच्या भाषेत म्हणतो, आणि ती मुलगी ते पुन्हा आपल्या भाषेत करते. समोरचे आपल्याच भाषेत शिव्या देतात, आपल्याच भाषेत शिंकतात. पहिल्यांदा बोलले तेव्हाच त्यांना कळलेलं असतं. तरी ती मुलगी पुन्हा सांगेपर्यंत चेहरा दगडासारखा ठेवून बसतात. आमचे पण तसेच.

त्यांचा पुढारी बोलायच्या आधी घसा खाकरतो, म्हणून मी त्याला खाकरे म्हणते, मनात. त्यांच्याकडून सीमेवरची म्हणून एक नर्सबाई आलीय. माझ्या बरोब्बर समोर बसते. वय माझ्यापेक्षा थोडं कमी असेल. चष्मा सारखा पुसते.

शुक्रवार, ६ मार्च

आज हात धुवायला गेले तर नर्सबाई तिथे. इथे बाकी सगळं दोन-दोन आहे, बायकांची मोरी एकच. तिनं आधी नळ सोडला, मग बोलली. म्हणाली, तुमच्या स्टँडच्या मागे बर्फाचा कारखाना होता, तो चालू आहे का. म्हटलं, चालू आहे. म्हणाली, तिथे एक जण होता, पायानं अधू. लहानपणी झाडावरून पडला होता. तो असतो का अजून? जेवतोबिवतो का वेळेवर? करून कोण घालतं?

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांची कोणी बाई आत आली, आणि ही माझी ओळख नसल्यासारखी हात पुसत निघून गेली.

बर्फवाला मला चांगला माहीत आहे, रोज दिसतो. पण हिला त्याच्या जेवणाची एवढी काळजी कशाला? जुनं काही प्रकरण असणार. म्हातारपणी सुचतात एकेक गोष्टी.

सोमवार, ९ मार्च

आज माझ्यामुळे घोटाळा झाला. लिहून टाकते.

नर्सबाईला उत्तर द्यायचं राहिलं होतं. मोरीत ती पुन्हा एकटी सापडेना, कायम कोणीतरी सोबत. मला कुणाचं उत्तर बाकी ठेवलेलं आवडत नाही. तर आज औषधांच्या ट्रकांचं आजच्यापुरतं बोलणं झाल्यावर मध्यस्थानं विचारलं, आणखी कुणाला काही मांडायचंय का. मी हात वर केला. रीतसर मध्यस्थाकडे बघूनच बोलले. म्हटलं, आमच्या गावातला बर्फाचा कारखाना चालू आहे, तिथला पायानं अधू माणूस ठणठणीत आहे, दोन वेळा जेवतो, खाणावळीत.

दुभाषी मुलगी थांबली. मग तिनं सांगितलं. मध्यस्थ पाणी प्यायला. खाकरे शेजाऱ्याच्या कानाला लागला, मग खाकरला आणि म्हणाला, हा नवा प्रस्ताव आहे, आम्हाला विचाराला वेळ हवा. उठून गेले सगळे. जेवणानंतर परत आले ते लेखी भूमिका घेऊनच आले, की बर्फ हा नाशवंत मालात मोडतो, आणि औषधांचा निकाल लागल्याशिवाय बर्फाची चर्चा आम्ही करणार नाही. आमच्यातला एक शहाणा म्हणतो, मग आम्हीही बर्फाचा हक्क राखून ठेवतो. झालं. अख्खी दुपार दोन देश बर्फावर बसून होते.

साहेबांनी मला बाहेर बोलावलं. ओरडले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. म्हणाले, "बाई, इथे शब्द सांडला की भरून घेता येत नाही. आणखी एकदा असं झालं तर ते बॅगा भरतील. मग तुमचं गेट तुमच्या नातवंडांनाही उघडं दिसायचं नाही."

म्हटलं, बरं.

नर्सबाई तेवढा वेळ खाली मान घालून चष्मा पुसत होती. काच झिजेल एखाद्या दिवशी.

गुरुवार, १२ मार्च

आज कुटुंबभेटीचा विषय निघाला. दर रविवारी गेट उघडायचं, सकाळी जायचं, संध्याकाळी परत. दोन्ही बाजू हो म्हणाल्या. मी टेबलाखाली एक पाय दुसऱ्यावर दाबून धरला होता, तोंडातून काही निघू नये म्हणून.

रविवारी म्हणजे किती सोपं आहे. सकाळी निघाले की तिच्याकडे चहाला. शेवटची गेले होते तेव्हा शेवटची बस सुटेल म्हणून अर्धा चहा तसाच टाकून उठले होते, तर ती दारातून ओरडली, बस काय तुझ्या बापाची आहे का, थांबव की. बाप तिचाही तोच, पण हे तिच्या डोक्यात येईल तर शपथ.

आता हसू यायला लागलं आणि थांबेना. वयाचा परिणाम.

साहेब म्हणाले, अजून कशात काही नाही, सगळं ठरेपर्यंत काहीच ठरलेलं नसतं. हे त्यांचं आवडतं वाक्य आहे. तरी मी खाली तळ्यावर एक चक्कर मारून आले. पाणी स्वच्छ आहे. तिला सांगायला पाहिजे.

मंगळवार, १७ मार्च

कागद आला. पूर्ण मसुदा, सगळी कलमं. मला वाचायला वेळ लागतो, बोट ठेवून वाचते. कुटुंबभेटीच्या कलमाशी आले. कुटुंब म्हणजे आईवडील, मुलं, नवरा-बायको. पुढे पूर्णविराम.

मला वाटलं पुढच्या पानावर असेल. पुढच्या पानावर पाण्याच्या पाइपाचं होतं.

साहेबांना विचारलं. त्यांनी आधी खुर्ची दिली, तेव्हाच समजले. खाकरेचं म्हणणं पडलं, भावांना येऊ दिलं तर भाऊ म्हणजे लढायच्या वयाचे हात, कोण कशाला येतंय ते कोण तपासणार. आमच्या लष्करवाल्यांचंही म्हणणं तेच. म्हणून भाऊ काढले, आणि भाऊ काढले म्हणून बहिणी. वर्षानं पुन्हा बघू, असं तळटीपेत लिहिलंय. म्हटलं, मी सत्तरीची, ती माझ्या मागोमाग, आम्ही दोघी मिळून कोणता किल्ला घेणार? साहेब म्हणाले, "कलमात वय लिहिलं की वयावर भांडण सुरू होतं. ते आम्ही करून पाहिलं."

आता उद्याची पद्धत अशी. मतं घ्यायची नाहीत. कागद टेबलावर ठेवायचा आणि गप्प बसायचं. दुपारी बारापर्यंत कुणीच बोललं नाही तर मंजूर. टेबलाशी बसलेल्यांपैकी कुणाही एकानं हात वर केला तर अख्खा कागद परत, दोन्ही राजधान्यांना. मागे एकदा असाच परत गेला होता. त्यानंतर पुन्हा या टेबलापर्यंत यायला मध्ये एक लढाई झाली.

कुणाही एकानं, म्हणजे मीसुद्धा. मी मुद्दाम विचारून घेतलं. दुभाषी मुलीनं मध्यस्थाला विचारलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, हो, तुम्हीसुद्धा.

बुधवार, १८ मार्च, सकाळी

मी हात वर करणार आहे. ठरलं. एवढी वर्षं लोकांच्या रांगा सांभाळल्या, माझी पाळी आल्यावर खिडकी बंद करणारे हे कोण?

साहेब नाश्त्याला म्हणाले, तब्येत बरी नसेल तर वर खोलीतच थांबा, खुर्ची रिकामी राहिली तरी चालतं. माझ्या तोंडाला घाबरलेत. म्हटलं, तब्येत उत्तम आहे.

त्याच दिवशी, दुपारी

नाही केला.

का नाही केला ते मला नीट सांगता येणार नाही. काय झालं तेवढं लिहिते.

सगळे बसलो. कागद मध्ये. घड्याळ भिंतीवर, दरवाजे उघडे, कुणीही उठून जाऊ शकत होतं, कुणी गेलं नाही. पाण्याच्या पेल्याचासुद्धा आवाज करेनात. मला गप्प बसायची सवय नाही. गप्प बसलं की डोक्यात माणसं बोलायला लागतात. आमच्या डेपोतला ड्रायव्हर आला. त्याची बायको माहेरी गेली होती, गेट बंद झालं तेव्हा तिकडेच राहिली. मी रिटायर होईपर्यंत तो रोज खिडकीशी येऊन विचारायचा, "बाई, आज गाडी आहे का?" सगळे हसायचे. मीही हसायची. कलमात नवरा-बायको आहे.

मग धाकटी आली. ती काही बोलली नाही, नुसती ओठांकडे बघत बसली, मी काय म्हणते म्हणून.

हात मांडीवर होता, तो मी टेबलावर आणून ठेवला. खरं सांगते. नर्सबाईनं ते पाहिलं. तिचाही हात टेबलावरच होता, रुमाल मुठीत. ती माझ्याकडे असं बघत होती जणू मी काहीतरी करायचं विसरलेय. माझ्या मनात आलं, तूच कर ना बाई काहीतरी, तूच बोल, म्हणजे पाप तुझ्या माथी आणि मी सुटले. इतका हलकट विचार मी आयुष्यात केला नव्हता. ती बोलली नाही. मीही नाही. दोघी एकमेकींच्या हातांकडे बघत बसलो, शाळेतल्या पोरींसारख्या.

बारा झाले. मध्यस्थ म्हणाला, धन्यवाद. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत, हे एक बरं झालं. खाकरे खाकरला आणि त्यानं डोळे पुसले. साहेब माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि परत गेले.

मी वर आले. बॅग भरली. तळ्याकडे पाहिलं नाही.

रविवार, ३ मे

आज गेट उघडलं.

मला बिल्ला दिलाय, निरीक्षक. म्हणजे पिवळ्या पट्ट्यापर्यंत जायचं आणि बघायचं. पट्ट्याच्या पलीकडे नर्सबाई, तोच बिल्ला लावून.

रांग लागली होती, ढकलाढकली चाललेली. मला राहवेना. आवाज चढवून दोन रांगा करायला लावल्या, म्हातारे पुढे, पोरंबाळंवाले त्यांच्या मागे. शिपाई बघत राहिला. त्याला म्हटलं, बघतोस काय, दोर धर.

ड्रायव्हर दाढी करून आला होता, गाल कापून घेतला होता. बायको पट्ट्याशी उभी. मला वाटलं रडारड होणार, मी दुसरीकडे बघायची तयारी केली होती. तर तो म्हणाला, "बऱ्या आहात ना?" ती म्हणाली, "बरी आहे. तुम्ही?" अहोजाहो करत होते दोघं, बँकेत भेटल्यासारखे. मग तिनं पदर ओला करून त्याच्या गालावरचं रक्त पुसलं आणि म्हणाली, "अजून ब्लेड नीट धरता येत नाही तुला." त्यानंतर तो जो खाली बसला तो उठेचना.

बर्फवालाही आला होता, गर्दीच्या मागे, भिंतीला टेकून. त्याचं नाव कुठल्या यादीत नव्हतं. मी म्हटलं, तुझं काय काम इथे? तो पलीकडे बघत म्हणाला, "ताई बारीक झाली."

मी म्हटलं, कुठली ताई? आणि विचारता विचारताच समजलं.

पट्ट्यापलीकडे नर्सबाई चष्मा काढून उभी होती. पुसत नव्हती. चष्म्याशिवाय तिला एवढं लांबचं काय दिसणार?

जन्मभर खिडकीत बसून माणसाचा चेहरा बघून कुठलं तिकीट हवंय ते सांगायची मी. आणि टेबलाच्या पलीकडे इतके दिवस बसलेली बाई कुणासाठी बसलीय, ते मला कळलं नाही. म्हणे जुनं प्रकरण.

निरीक्षकांनी बोलायचं नाही असा नियम आहे. मी बर्फवाल्याचा दंड धरला आणि त्याला पट्ट्यापर्यंत आणून उभा केला, पट्ट्याच्या अलीकडे, नियमात. ती पलीकडे, तो अलीकडे. हात पुढे केला असता तर पोचला असता. दोघांनीही केला नाही. मग संध्याकाळी गेट लागलं.

शनिवार, ९ मे

आज फोनचा नंबर होता. एप्रिलचा फोन लागलाच नव्हता.

जाण्याआधी ठरवलं होतं, सरळ सांगायचं. बहिणी त्यात नाहीत, वर्षानं बघू म्हणतात, संपलं. भाची तिला सांगेल कागदावर लिहून. जोडला. भाचीचं हॅलो झालं, मी सुरू करणार तर तिकडे काहीतरी हिसकाहिसकी. मग धाकटीचा आवाज. फोन ती कधी हातात घेत नाही. केवढ्यांदा ओरडून बोलत होती, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं. आवाज जाड झालाय.

म्हणाली, "ताई, तू बोलू नकोस, मला तसंही ऐकू येत नाही. आमच्या दवाखान्यातली नर्सबाई येऊन गेली, कागदावर सगळं लिहून दिलं. आपण त्यात नाही. आणि तू गप्प बसलीस म्हणे. मला खरंच वाटेना. तू आणि गप्प? मग राग आला. दोन दिवस तुझं नाव घेतलं नाही. मग शेजारणीचा मुलगा आला रविवारी. ती बाई अजून हसतेय, भांडी घासताना पण हसते, बावळट दिसते. तेव्हा म्हटलं जाऊ दे."

जरा थांबली. मला वाटलं तुटलं.

मग म्हणाली, "तुझा चेहरा आठवतो मला. ओठ हलतात. आवाज काही केल्या आठवत नाही. म्हणून म्हटलं, निदान माझा तरी तू ऐक."

मग ती बोलतच सुटली. भाची भाजी खारट करते, जावई ऐकून घेतो. मागच्या दाराची कडी लागत नाही. गुडघे दुखतात, पण तिला कुणीतरी एक पाला सांगितलाय, तो वाटून लावते, फार गुण येतो, तूही लाव, त्याचं नाव

तेवढ्यात वेळ संपला.

खिडकीतल्या मुलीनं विचारलं, आजी, झालं का बोलणं? म्हटलं, झालं. पुढचा माणूस ताटकळला होता, त्याला खुर्ची दिली.

आता पाला कुठला ते पुढच्या महिन्यात कळेल. तोवर गुडघ्यांनी दम धरावा.